बाबांची पंच्याहत्तरी आणि जुलैतला मासा

बाबांचा वाढदिवस जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, आणि मासे खाणाऱ्या घराला वर्षात याहून अडचणीचा आठवडा सापडणार नाही. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं रास्त आहेत. बंदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ती उठते तोवर श्रावण एकतर लागलेला असतो नाहीतर तोंडावर आलेला असतो, आणि आईचा श्रावण कडक. आषाढात खायची मुभा तर समुद्र बंद, समुद्र उघडला की घरात मासा बंद. त्यात आम्ही नाशिककर. कसारा घाट चढून जी मासळी आपल्यापर्यंत येते, ती मुळातच निदान एक रात्र बर्फात काढून आलेली असते.

यंदा बाबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. हॉल घेऊन पंगती उठवायला त्यांनी साफ नकार दिला. "घरचीच माणसा आणि मासे, बास," एवढंच म्हणाले. ते मूळचे मालवणकडचे. नोकरीसाठी नाशिकरोडला आले, नोट प्रेसमधून निवृत्त झाले, पण इतकी वर्षं इथे काढूनही त्यांच्या जिभेवरून मालवण काही उतरलेलं नाही. पुण्याहून दादाचा फोन आला की खर्चाचं बघू नकोस, या वेळी खरोखर चांगल्या ठिकाणी जाऊ. आईबाबांना कुणी घाई न करता दोन तास निवांत बसता येईल अशा जागी. नाशकात मी राहते, म्हणून ठिकाण शोधायचं काम माझ्याकडे आलं. ते मी मनापासून केलं. करताना जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडे असं काही ठरवायचं म्हटलं की लोक दिव्यांचे आणि भिंतींचे फोटो बघून ठरवतात आणि माशाबद्दल कुणी काही विचारतच नाही.

सगळ्यात आधी वार ठरवला. वाढदिवस नेमका गुरुवारी आला होता आणि आई गुरुवार करते, त्यामुळे जेवण शुक्रवारवर ढकललं. शुक्रवार मला तसाही बरा वाटला. रविवारी नाशकातलं प्रत्येक मासळीचं हॉटेल भरून वाहतं, स्वयंपाकघर दमलेलं असतं आणि तव्यावर एकाच वेळी दहा जणांच्या तुकड्या पडतात. मासा दोन मिनिटं जास्त राहिला की गेला. शुक्रवारी संध्याकाळी लवकर गेलं तर आचाऱ्याला आपल्याकडे बघायला सवड असते.

मग माणसं. आम्ही नऊजण. वहिनी पूर्ण शाकाहारी. माझ्या मुलीला कोळंबीची ॲलर्जी, तीही साधी नाही, ओठ सुजतात आणि औषध जवळ ठेवावं लागतं. आत्याला कमी दिसतं, तिला काटे काढता येत नाहीत. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणजे जिना नको. हे सगळं एका कागदावर लिहून ठेवलं. नंतर फोनवर बोलताना त्या कागदाचा फार उपयोग झाला, कारण समोरचा माणूस 'हो हो' म्हणत असताना आपण निम्मं विसरतो.

नाशकात मासे खायचे म्हटलं की पहिल्यांदा आठवतात त्या मालवणी खानावळी. सिडको, इंदिरानगर, कॉलेज रोड, नाशिकरोड, सगळीकडे आहेत आणि त्यातल्या काहींचं बांगड्याचं तिखलं घरच्या तोंडात मारेल असं असतं. मी एरवी तिथेच जाते. पण तिथे दारात माणसं ताटकळत असतात, आपण सोलकढीचा शेवटचा घोट घेत असताना मागे कुणीतरी खुर्चीला हात लावून उभं असतं. पंच्याहत्तरीच्या जेवणाला ते नको होतं. दुसरा पर्याय मोठ्या तारांकित हॉटेलांचा. जागा सुरेख, लिफ्ट आहे, पार्किंग आहे, पण मेन्यूत मासा एका पानावर, पनीर आणि चिकनच्या मध्ये कुठेतरी. आणि ज्या हॉटेलच्या खोलीचा दर दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतो तिथल्या जेवणावर जीएसटी १८ टक्के लागतो, बाहेरच्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. नऊ माणसांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो. तिसरा प्रकार म्हणजे खास किनारपट्टीच्या जेवणाची, मालवणी-गोवन-मंगळुरी पदार्थ देणारी महागडी रेस्टॉरंट्स. गंगापूर रोडच्या बाजूला आणि महामार्गालगत अशी ठिकाणं आता दिसतात. माणशी दीड-पावणेदोन हजारांचा हिशेब धरून मी यांच्यातूनच निवडायचं ठरवलं.

एका ठिकाणी मी आणि नवरा आधी जेवून आलो. नाव लिहीत नाही. जागा पाहण्यासारखी होती, खाली गार दगडी फरशी, वर पितळी दिवे, भिंतीवर होडीचं वल्हं. वेटरने सांगितलं, "पापलेट एकदम फ्रेश आहे मॅडम, आज सकाळीच मुंबईहून आलंय." जुलैमध्ये. मी मागवलं. तव्यावरून आलं तेव्हा रंग छान होता, रवा खरपूस. पण सुरीने पाठीचा भाग उघडला तर आतलं मांस पापुद्र्या-पापुद्र्याने सुटायच्या ऐवजी पिठासारखं भुगा झालं, आणि बघता बघता ताटलीत माशाच्या खाली पांढरट पाणी साचलं. वरचा रवा कुरकुरीत आणि खालचा भिजलेला. हे पाणी कुठून येतं ते समजून घेण्यासारखं आहे. मासा हळूहळू गोठला की मांसात बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात, ते तंतू फाडतात, आणि नंतर उष्णता लागली की आतला सगळा ओलावा बाहेर पडतो. घरच्या फ्रीजरमध्ये टाकलेल्या सुरमईचं हेच होतं.

मासा गोठवलेला होता याचा मला राग नाही. झटपट गोठवलेला आणि उणे १८ अंशांवर नीट राखलेला मासा चार दिवस बर्फात लोळलेल्या 'ताज्या' माशापेक्षा कितीतरी चांगला असतो. शिवाय आपल्याकडे बंदी असताना पूर्व किनारा उघडा असतो. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जुलैत आंध्र-ओडिशाकडून आलेली मासळी मिळू शकते, आणि बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नसते, त्यामुळे थोडी खाडीतली मासळीही येते. तेव्हा 'बंदीत मासा मिळतोच कसा' असं म्हणायचं कारण नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की माणशी दीड हजार घेणाऱ्या ठिकाणाने ताटातला मासा कुठला आहे, कधीचा आहे आणि कसा राखला आहे हे खरं सांगायला हवं. ते पैसे पितळी दिव्यांसाठी मी देत नाही. कुणीतरी मासा नीट निवडला, नीट राखला, नीट साफ केला आणि त्याच्याबद्दल खोटं बोललं नाही, यासाठी देते.

त्या जेवणानंतर मी फोनवर प्रश्न बदलला. 'टेबल मिळेल का' हे शेवटी, आधी 'पुढच्या शुक्रवारी तुमच्याकडे कोणता मासा असेल?' उत्तरं ऐकण्यासारखी होती. बहुतेक ठिकाणी "सगळं मिळेल मॅडम." जूनच्या आधी हे उत्तर मी मान्य केलं असतं. जुलैत पापलेट, सुरमई, हलवा, रावस, बोंबील सगळं मिळेल म्हणणारा माणूस एकतर स्वयंपाकघराशी बोललेला नाही किंवा गिऱ्हाईक जाऊ द्यायचं नाही म्हणून बोलतो आहे. एका ठिकाणी मेन्यूतल्या 'फिश टिक्का'त कोणता मासा असतो विचारलं तर "बोनलेस असतो." नाव काही सांगता येईना. असं झालं की तो बहुतेकदा बासा असतो. बासा खायला काही हरकत नाही, आत्यासारख्या माणसाला तर सोयीचा, पण त्याला रावसाचा भाव देऊ नये.

गंगापूर रोडच्या बाजूच्या एका रेस्टॉरंटमध्ये मात्र मॅनेजर म्हणाले, "थांबा, शेफना देतो." असं कुणी म्हटलं की मला तिथेच अर्धं बरं वाटतं. शेफ फोनवर आले. बोलण्यावरूनच कळलं की माणूस सिंधुदुर्गातला आहे, वेंगुर्ल्याचे निघाले. त्यांनी एका दमात सांगितलं: पापलेट आहे पण गोठवलेलं, बंदीआधी घेतलेलं, तव्यावर देणार नाही, फार तर कालवणात. सुरमई पूर्वेकडची, बर्फातली, दोन-तीन दिवसांची, तुकडी बरी. बोंबील ओले नाहीत, विचारू नका. कोळंबी तळ्यातली, बारमाही. "आणि बाबांसाठी काही वेगळं हवं असेल तर जिताडा मागवतो. पेणकडून. आदल्या दिवशी सांगा, सकाळी पोचतो."

जिताडा मला सुचलाच नव्हता. रायगडात, पेण-अलिबागच्या खाजणात शेतालगतच्या तळ्यांतून हा मासा पूर्वीपासून राखतात. खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यात जगतो, म्हणून समुद्र बंद असला तरी तळ्यातून काढता येतो. तिकडे पाहुण्याला जिताडा देणं हा मान समजतात. मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूत 'सी बास' म्हणून येतो तो बऱ्याचदा हाच, आणि बंगाल्यांची भेटकीही हीच. मांस पांढरं, घट्ट, काटे मोठे आणि कमी. आत्याची अडचण आपोआप सुटत होती. मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "ताजो गावलो तर जिताडो काय वायट नाय. शिळ्या पापलेटापेक्षा डाळभात बरो." २०२३ मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला, आणि अजूनही कुठल्याही सोहळ्यात ताटात पापलेट नसेल तर पाहुणचार अपुरा वाटतो. तळहाताएवढी पोरसवदा पापलेटं पकडून विकायची वेळ आली आहे ती त्याच हट्टामुळे. आमच्या टेबलावर या वेळी पापलेट नको, हे तेव्हाच ठरवून टाकलं.

नुसत्या फोनवर मात्र ठरवलं नाही. दुपारी चारच्या सुमारास, दोन जेवणांच्या मधल्या वेळात, मी तिथे गेले. ही वेळ मुद्दाम निवडावी. गर्दी नसते, स्वयंपाकघर धुऊन होत असतं आणि वास खरा कळतो. महागड्या मासळीच्या हॉटेलात शिरल्यावर मासळीचा वास यायला नको, आणि तो लपवायला लावलेल्या उदबत्तीचाही नको. इथे फोडणीतल्या लसणाचा वास होता. मी विचारलं, मासा बघता येईल का. शेफ आतून स्टीलचा ट्रे घेऊन आले, खाली कुटलेला बर्फ, वर ओलं फडकं, त्याखाली दुसऱ्या कुणाच्या मागणीचा एक जिताडा.

पूर्ण मासा असा शांतपणे बघायची संधी बाजारात मिळत नाही. तिथे मावशी एका हाताने कोयता चालवत असतात आणि मागे रांग. हा अडीच किलोच्या आसपासचा असेल. पाठ करडी-हिरवट, पोट रुपेरी, खवले मोठे आणि एकही निखळलेला नाही. शेफनी ट्रे उजेडात कलता केला तेव्हा त्याच्या डोळ्यात तांबूस-सोनेरी चमक दिसली. जिताड्याच्या डोळ्याला ती असतेच, पण मासा शिळा झाला की डोळा खोल जातो आणि त्यावर दुधाळ पडदा येतो, मग चमक कसली. त्यांनी अंगठ्याने कल्ला उचलून दाखवला, आत लालभडक, चिकट तपकिरी काही नाही. मग मला म्हणाले, "दाबून बघा." पोटावर बोट दाबलं, खळगा पडला आणि लगेच भरून आला. वास घेतला तर पावसाच्या पाण्यासारखा, बस. तळ्यातल्या माशाला कधीकधी मातकट वास येतो, त्याबद्दलही मी विचारलं. त्यांनी कारणही सांगितलं आणि उपायही: पाणी साचलेलं, शेवाळलेलं असेल तर येतो, म्हणून ते ठरावीक एका तळेवाल्याकडूनच घेतात आणि शिजवण्याआधी माशाला आमसुलाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवतात. एवढं सांगणाऱ्या माणसाला मी आणखी काय विचारणार होते?

तरी विचारलं, कारण कागद हातात होता. कोळंबी ज्या तेलात तळता त्याच तेलात मासा तळता का? इथे ते थांबले. म्हणाले, हो, कढई एकच आहे. मग स्वतःच म्हणाले, तुमच्या मुलीसाठी तळणीतलं काहीच देत नाही, जिताडा वाफवून देतो आणि तिची तवा-फ्राय वेगळ्या तव्यावर, टेबलावर कोळंबी मागवलीत तर तिची जागा दुसऱ्या टोकाला. 'काळजी करू नका मॅडम' म्हणाले असते तर मी काळजी केली असती. घरी सगळ्यांना विचारून आम्ही कोळंबी पूर्णच वगळली. ज्यांच्या घरात अशी ॲलर्जी आहे त्यांनी 'ॲलर्जी आहे' एवढं सांगून थांबू नये. तेल, तवा, झारा, मसाल्याचा चमचा, हे एकेक नाव घेऊन विचारावं.

सोलकढी तिथेच मागवून प्यायले. मासळीचं कुठलंही नवं ठिकाण जोखायला मला हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा मार्ग वाटतो. पावडरीची सोलकढी भडक गुलाबी असते आणि शेवटपर्यंत तशीच राहते. आमसुलाची किंवा आगळाची आणि ताज्या नारळाच्या दुधाची असेल तर रंग जरा मळकट जांभळट, आणि पेला पाच मिनिटं ठेवला की वर दाट आणि खाली पातळ असे थर दिसू लागतात. लसूण ठेचलेला हवा, वाटून घातलेला नको. इथली पहिल्या घोटात ओळखू आली. जे रोज सकाळी नारळ खवतात ते मासाही बघून घेतात, असा माझा अनुभव आहे.

वहिनीचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटत होता. मासळीच्या हॉटेलात शाकाहारी माणसाच्या वाट्याला पनीर येतं, आणि मग ते माणूस टेबलावर पाहुण्यासारखं बसून राहतं. सिंधुदुर्गातल्या घरात निम्मे दिवस शाकाहारीच असतात, तिकडे काळ्या वाटाण्याचं सांबार आहे, केळफुलाची भाजी आहे, आंबोळ्या आहेत, अळूचं फदफदं आहे. मी हे म्हणताच शेफ खूश झाले. "मेन्यूत नाही, कारण कुणी मागत नाही. तुम्हाला करून देतो." वेगळी भांडी, वेगळा ओटा दाखवला. काळ्या वाटाण्याचं सांबार पक्कं झालं.

आणि मग सुकी मासळी. पावसाळ्याआधी कोकणात आगोटीची बेगमी करतात, सुके बोंबील, सोडे, खारा बांगडा भरून ठेवतात, आणि समुद्र बंद असताना घर त्यावर चालतं. जुलैचं खरं मालवणी जेवण ते आहे. पण वासामुळे महागडी ठिकाणं सुक्या मासळीला दारात उभं करत नाहीत. मी बिचकतच विचारलं. शेफ म्हणाले, सुक्या बोंबलाची चटणी आम्ही आमच्यासाठी मागे करतोच, बाबांना वाटीभर काढून ठेवतो. या एका वाक्यावर माझा निर्णय झाला, हे मी मोकळेपणाने सांगते.

पैशांचं बोलणं तिथल्या तिथे उरकलं आणि ते उरकावंच. मेन्यूत माशापुढे आकडा नसतो, 'ॲज पर साइज' असतं, म्हणजे आकार बघून दर. तेव्हा तीन गोष्टी आधी विचाराव्या. दर किलोला किती. वजन आख्ख्या माशाचं धरणार की साफ केल्यानंतरचं. डोकं-आतडी-खवले जाऊन बराच फरक पडतो. आणि बनवण्याची मजुरी त्यातच की वेगळी. इथे वजन आख्ख्या माशाचं होतं पण डोक्याचं कालवण त्यातच धरलेलं, मजुरी त्यातच. सर्व्हिस चार्ज लावता का, तेही विचारलं. २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो बिलात आपोआप लावता येत नाही. ते लावत नव्हते. आगाऊ रक्कम माशापुरती दिली, जी मला योग्य वाटली, कारण आमच्यासाठी मासा पेणहून येणार होता.

उरलेलं पटकन सांगते. टेबल तळमजल्यावर, दारापासून जवळ, स्पीकरपासून लांब. केक आम्ही आमचा आणणार, बिनअंड्याचा. भात बासमती नको, इगतपुरीकडचा इंद्रायणी. उकडा तांदूळ मिळाला असता तर बाबा आणखी खूश झाले असते, पण तो त्यांच्याकडे नव्हता.

शुक्रवारी दुपारपासून पाऊस लागला होता. घरी आईने बाबांना औक्षण केलं, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांचा अंदाज घेऊन आम्ही लवकर निघालो. सातला टेबलावर होतो. शेफ स्वतः बाहेर आले, बाबांना नमस्कार केला आणि त्या दोघांची मालवणीत जी सुरुवात झाली ती काही थांबेना. गाव कुठलं, घाटी कुठली, मच्छीबाजार आता कुठे भरतो. दादा मला हळूच म्हणाला, आपण मेन्यू मागवायचा का? मी म्हटलं, थांब जरा, त्यांचं चालू दे.

जिताडा दोन प्रकारांनी आला. अर्धा केळीच्या पानात वाफवलेला, हिरव्या वाटणात, मिरची बेताची. पान उलगडल्यावर वाटणाचं पाणी सुटलेलं नव्हतं, पाना-माशाच्या मध्ये तुपकट चमक होती, आणि काट्याचा चमचा लावताच मांसाचे जाड, ओलसर पापुद्रे एकेक करून सुटत होते. त्या दुसऱ्या ठिकाणचं पापलेट मला तिथे आठवलं. आत्याने स्वतःच्या हाताने खाल्लं, कुणी काटे काढून द्यावे लागले नाहीत. ती सारखी सांगत होती, मला दे आणखी. मुलीला त्याच पानातला मधला भाग वेगळा काढून दिला होता, तिला काही त्रास झाला नाही. उरलेला अर्धा आणि डोकं कालवणात, ओल्या खोबऱ्याचं वाटण, आमसूल, भरपूर. डोकं अर्थात बाबांचं. त्यांनी गालाचा तुकडा काढून आईच्या ताटात ठेवला, मग डोळ्यापासून सुरुवात केली आणि पुढची वीस मिनिटं कुणाशी बोलले नाहीत.

दादाने नाशिकचीच शेनँ ब्लां ही पांढरी वाइन मागवली होती. वाफवलेल्या माशाबरोबर ती फार छान लागली, कालवणाबरोबर मात्र नाही. आमसुलाचं आंबट आणि वाइनचं आंबट एकमेकांच्या वाटेत येतात. तिथे सोलकढीच घ्यावी. आपल्या शहराची द्राक्षं आणि कोकणातला मासा एका टेबलावर येतात ही मला अभिमानाची गोष्ट वाटते, फक्त कशाबरोबर काय हे बघून मागवावं.

सुक्या बोंबलाच्या चटणीची वाटी शेवटी, भाताबरोबर आली. बाबांनी वास घेतला आणि आईकडे बघितलं. आजीची, म्हणजे बाबांच्या आईची, भाजलेल्या बोंबलाची चटणी आईलाच तेवढी जमते, त्यामुळे तुलना होणारच होती. आईने चाखली आणि म्हणाली, "कांदा जरा जास्त झालाय, पण बोंबील नीट भाजलाय." आईकडून एवढं म्हणजे पुष्कळ. वहिनीने काळ्या वाटाण्याचं सांबार दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि शेफकडून कृती लिहून घेतली.

सगळंच चांगलं झालं असं नाही. सुरमईच्या तुकड्या आम्ही मुलांसाठी मागवल्या होत्या, त्या कोरड्या होत्या. दोन-तीन दिवसांच्या सुरमईचं तसंच होणार आणि शेफनी आधी सांगितलं होतं. साडेआठनंतर शेजारी मोठा ग्रुप आला आणि गलका वाढला. पण आम्हाला कुणी उठवलं नाही, केक कापेपर्यंत पावणेदहा झाले होते. बिल करासकट पंधरा हजारांच्या आत आलं, ठरल्यापेक्षा एक पैसा जास्त नाही. माशाचं वजन, दर, सगळं वेगळं लिहिलेलं होतं.

कुणी विचारेल की नाव का सांगत नाहीस. कारण तो अनुभव त्या शेफचा होता. अशा ठिकाणी आचारी बदलला की पाटी तीच राहते आणि जेवण बदलतं; माझ्या भरवशावर कुणी सहा महिन्यांनी गेलं आणि तिथे 'सगळं मिळेल' ऐकायला मिळालं तर मला वाईट वाटेल. त्यापेक्षा फोन करा, मासा विचारा, शेफशी बोलायला मागा, दुपारी चारला जाऊन ट्रे बघा. हे विचारलेलं ज्यांना आवडत नाही त्यांच्याकडे मोठ्या दिवसाचं जेवण करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

निघताना बाबांनी शेफचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतला. गणपती होऊन गेले की पुन्हा जायचं ठरलं आहे, तेव्हा समुद्र उघडून महिना झालेला असेल आणि आईचीही हरकत नसेल. मागणी आत्ताच देऊन ठेवली आहे: बांगडा, तिरफळं घालून, आणि या खेपेला भात उकडा.